विज्ञान आणि ख्रिस्ती विश्वास: पालक, शिक्षक आणि संडे स्कूलसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडाभर मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी मंडळीत संडे स्कूल घेते. दोन्हीकडे तेच तेच प्रश्न येतात. कधी आई-वडील विचारतात, कधी नव्याने रुजू झालेले शिक्षक, आणि सर्वांत जास्त आठवी ते दहावीची मुले. ती सगळी उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे पान. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले, पण कॅथलिक घरांतही हेच प्रश्न विचारले जातात. म्हणून जिथे दोन्हीकडची भूमिका वेगळी आहे, तिथे ती वेगळी सांगितली आहे.

ख्रिस्ती दृष्टीने विज्ञान शिकवायचे म्हणजे वेगळे विज्ञान शिकवायचे का?

नाही. ख्रिस्ती गुरुत्वाकर्षण किंवा ख्रिस्ती रसायनशास्त्र असे काही नसते. फरक असतो तो का शिकायचे आणि कसे शिकायचे यात. सृष्टी देवाची आहे असे आपण मानतो. मग ती जशी आहे तशी पाहायची, आपल्याला हवी तशी नाही, ही पहिली शिस्त आपल्याला पाळावी लागते.

एक साधे उदाहरण घ्या. ओहमच्या नियमाचे प्रात्यक्षिक असते. व्होल्टमीटर आणि ॲमीटरची वाचने घेऊन आलेख काढायचा असतो. कितीतरी मुले आधी आलेखावर सरळ रेषा ओढतात आणि मग तिच्यावर बरोबर बसतील असे आकडे तक्त्यात भरतात. याला सगळे ‘रीडिंग जुळवणे’ म्हणतात आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. मी माझ्या संडे स्कूलच्या मुलांना सांगते की दहा आज्ञांपैकी एक आज्ञा इथे मोडली. खोटी साक्ष देऊ नको, ही ती आज्ञा. ॲमीटरचा काटा जिथे थांबला नाही तिथे तो थांबला असे लिहिणे ही खोटी साक्षच आहे. रेषेबाहेर पडलेला बिंदू तसाच ठेवा आणि तो का पडला हे शोधा. तार गरम झाली होती का? जोडणी सैल होती का? माझ्या मते ख्रिस्ती विज्ञानशिक्षणाची सुरुवात या वहीपासून होते, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून नाही.

बायबलमध्ये सहा दिवस आणि पुस्तकात साडेचार अब्ज वर्षे. मुलाला काय सांगू?

उत्पत्तीचा पहिला आणि दुसरा अध्याय मुलाला शेजारी बसवून सावकाश वाचायला लावा. पहिल्या दिवशी प्रकाश होतो, पण सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी येतात. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशाने झाली? पहिल्या अध्यायात वनस्पती आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्या अध्यायात शेतातले कोणतेही झुडूप उगवण्याआधी माणूस घडवला जातो. ज्यांनी हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवले त्यांनाही हा फरक दिसत होताच. त्यांनी तो पुसला नाही, कारण घटनांची वेळापत्रके देणे हा त्यांचा हेतू नव्हता.

त्यांचा हेतू कळण्यासाठी तो काळ पाहावा लागतो. इस्राएलच्या भोवतालची राष्ट्रे सूर्याची आणि चंद्राची पूजा करत होती. उत्पत्तीचा लेखक त्यांना नुसत्या मोठ्या आणि लहान ज्योती म्हणतो. त्या देवता नाहीत, देवाने लावलेले दिवे आहेत. त्या काळात हे फार धाडसाचे बोलणे होते, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर ते मोकळीकच देते. जे पूज्य नाही ते मोजता येते, तपासता येते.

अर्थ असा लावणे म्हणजे डार्विननंतर घेतलेली माघार आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेला संत ऑगस्टीन याने उत्पत्तीवर विस्ताराने लिहिताना हे सहा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे मानले नाहीत. आकाश, पृथ्वी, ग्रहणे यांविषयी बाहेरच्या लोकांना नीट ठाऊक असलेल्या गोष्टींबाबत ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन चुकीचे बोलू लागला, तर पुनरुत्थानाविषयी त्याच्यावर कोण विश्वास ठेवील, असा त्याचा रोकडा सवाल होता. सोळाशे वर्षे झाली, सवाल अजून तसाच उभा आहे.

पण पृथ्वी सहा हजार वर्षांची असे पवित्र शास्त्रातच लिहिले आहे ना?

असे वाक्य पवित्र शास्त्रात कुठेही नाही. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींतील वयांची बेरीज करून इसवी सनापूर्वी ४००४ हे वर्ष काढले. पुढे ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले आणि समासातली टीप लोकांना वचनासारखी वाटू लागली. अशर विद्वान होते, त्यांच्या काळी उपलब्ध साधनांनी त्यांनी मेहनतीने हिशेब केला. आज आपल्याकडे आणखी साधने आहेत.

खडकाचे वय माणसाला कळते तरी कसे? तेव्हा तिथे कोण होते?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्या मुलाला पुस्तकात शोधावे लागत नाही. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तोच ते उत्तर देतो. पावसाळा सरल्यावर मुलांना एखाद्या घाटरस्त्याच्या कडेला न्या. वाहनांपासून दूर, मोकळ्या जागी थांबा आणि कापलेला डोंगर खालून वर बघा. आधी घट्ट काळा बसाल्ट. वर जाल तसे त्यात बारीक भोके दिसू लागतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ती भोके. काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्याच्यावर विटकरी रंगाचा पट्टा, कधी वीतभर, कधी पुरुषभर. नखाने खरवडला तर तांबडी पूड बोटाला लागते. त्या पट्ट्यावर पुन्हा घट्ट काळा दगड सुरू होतो.

तो तांबडा पट्टा बहुतेक ठिकाणी जुनी माती आहे. लाव्हाचा एक लोट आला, थंड झाला. ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग झिजून माती झाली. मग दुसरा लोट आला आणि त्या मातीला भाजून गेला. दगडाची माती व्हायला किती काळ लागतो हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. असे लोट एकावर एक साचून सह्याद्रीत हजार मीटरहून अधिक जाडीचे थर झाले आहेत. मुलांना एवढेच विचारा: यात घाई दिसते का?

नेमका आकडा मात्र प्रयोगशाळेत मिळतो. खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय संथपणे क्षय पावतो आणि त्याच्या काही भागाचा आरगॉन वायू होतो. दर १२५ कोटी वर्षांनी तो निम्मा उरतो. खडक वितळलेला असताना आरगॉन निसटून जातो, घट्ट झाल्यावर आत अडकू लागतो. म्हणून किती साठला ते मोजले की खडक कधी घट्ट झाला ते समजते. दख्खनच्या बसाल्टचे वय असे सुमारे ६.६ कोटी वर्षे निघते.

आणि हे खडक वाचणारा एक मोठा माणूस आपल्यातलाच होता. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा चालवणे आणि उपदेश हे त्यांचे काम. त्यातून वेळ काढून ते टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, पानांचे ठसे गोळा करत. म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, त्यांत जीव नांदत होते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या भूशास्त्रावर लिहिलेला लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. या तळ्यांचे थर त्यांनी तृतीयक काळातले, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचे मानले. पुढच्या संशोधकांनी त्यातल्या बऱ्याच थरांचा काळ त्याहून मागे, क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरीला नेला. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडून गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. हा माणूस सकाळी उत्पत्ती वाचत असे आणि दुपारी दगड फोडत असे. संडे स्कूलमध्ये परदेशी मिशनऱ्यांच्या इतक्या गोष्टी सांगतो, ही का सांगत नाही?

हे सगळे थर नोहाच्या जलप्रलयात साचले असतील तर?

वरचाच घाट पुन्हा पाहा. खवळलेल्या पुरात माती तयार होत नाही, ती वाहून जाते. दोन लाव्हांच्या मध्ये शांत तळे, त्यात गोगलगायी, काठावर झाडे, आणि हे एकदा नव्हे तर अनेकदा, वेगवेगळ्या उंचीवर. एका वर्षाच्या प्रलयात हे बसत नाही. नोहाची कथा मी मुलांना मनापासून शिकवते. पाप, न्याय, दया आणि करार यांची ती कथा आहे. तिला भूशास्त्राचे ओझे वाहायला लावले की मुलांचे लक्ष कराराची खूण असलेल्या मेघधनुष्यावरून उडून तारवातल्या जागेच्या हिशेबावर जाते.

कार्बन डेटिंग चुकते असे आमच्या पाळकसाहेबांनी सांगितले.

कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याइतका उरत नाही. म्हणून ती पद्धत लाकूड, हाड, कोळसा अशा सजीवांच्या अवशेषांसाठी आणि तेवढ्याच काळापुरती वापरतात. डायनोसॉरचे किंवा बसाल्टचे वय कार्बनने कुणी काढत नाही. त्यामुळे कार्बनवरची टीका खरी धरली तरी पृथ्वीच्या वयाला धक्का लागत नाही.

मोजमापे बदलतात हे मात्र खरे. लोणारच्या विवराचे वय आधी एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे आले होते, नंतर आरगॉनच्या पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे. हा फरक मुलांपासून लपवू नका. आकडा कुणी, कोणत्या पद्धतीने काढला आणि तो का बदलला हे सांगणे हाच विज्ञानाचा तास.

दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे. मुलीने परीक्षेत काय लिहावे?

पुस्तकात आहे तेच, समजून आणि पूर्ण. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. अवशेषांगे, जोडणारे दुवे, जीवाश्म, नैसर्गिक निवड हे सगळे त्यात येते. ‘मी हे मानत नाही’ म्हणून प्रश्न सोडून देणे ही साक्ष होत नाही, तो अभ्यास टाळणे होते. जी गोष्ट आपल्याला पटत नाही तीसुद्धा समोरच्याला मान्य होईल इतक्या नीट मांडता आली पाहिजे. केंद्रीय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा काही ख्रिस्ती पालकांना बरे वाटले. मला वाईट वाटले. मुलीला प्रश्न पडणारच आहे. तो शिक्षकांसमोर पडलेला बरा, की बारावीनंतर एकटीला मोबाइलवर?

मग माणूस माकडापासून झाला का? देवाच्या प्रतिरूपाचे काय?

आजच्या माकडापासून माणूस झाला असे विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज काही लाख पिढ्यांपूर्वी एकच होते असे ते म्हणते. त्याचा एक पुरावा नववी-दहावीच्या मुलालाही समजतो. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. मग एक जोडी गेली कुठे? माणसाचे दुसरे गुणसूत्र तपासले तर त्यात दोन गुणसूत्रे टोकाला टोक जोडली गेल्याची खूण मिळते. जी रचना एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असते ती इथे मधोमध सापडते. मला हा पुरावा भक्कम वाटतो आणि मी तो मुलांना तसाच सांगते.

देवाचे प्रतिरूप म्हणजे आपल्या हाडांची ठेवण नव्हे. देवाला हाडे नाहीत. प्रेम करणे, चूक ओळखणे, सृष्टीची राखण करणे, देवाच्या हाकेला उत्तर देणे यासाठी आपण बोलावलेले आहोत, तो अर्थ आहे. शरीर कोणत्या वाटेने घडले त्यावर तो अवलंबून नाही. शास्त्र तर म्हणतेच की माणूस मातीचा घडवला. मातीतून घडवले जाण्यात कमीपणा नसेल, तर प्राण्यांतून घडवले जाण्यात तो कुठून आला?

आदाम आणि हव्वा यांच्याविषयी मंडळ्यांमध्ये खरेच मतभेद आहेत. कॅथलिक चर्चमध्ये पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देव निर्माण करतो ही शिकवण कायम ठेवली. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. प्रॉटेस्टंटांत अक्षरशः अर्थ घेणारेही आहेत आणि आदामाला साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी मानणारेही. संडे स्कूलच्या शिक्षकाने आपले मत सांगावे, पण दुसरे मत बाळगणारी माणसेही प्रभूची आहेत हे त्याच तासाला सांगावे.

महास्फोटाने उत्पत्तीचे पहिले वचन सिद्ध झाले, असे शिकवू का?

कृपया नको. विश्व प्रसरण पावते आहे हे १९२७ मध्ये मांडणारे आणि पुढे ते एका आदिम अणूपासून सुरू झाले असावे असे सुचवणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतात निर्मितीच्या क्षणाची साक्ष दिसते अशा अर्थाचे भाषण केले. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या वादापासून अलिप्त राहावा असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला या सिद्धांताचे श्रेय घेऊन देवाचे नाव गाजवता आले असते तोच माणूस नको म्हणाला.

त्यामागचे शहाणपण मुलांना सांगा. उद्या सिद्धांत सुधारला तर? देवाला विज्ञानाच्या आजच्या आकड्यावर टेकवले की आकडा हलला की विश्वास हलतो. विज्ञानाला अजून न सुटलेल्या जागांमध्ये देव शोधणेही तसेच. जीवाची सुरुवात कशी झाली हे पूर्ण उलगडलेले नाही, म्हणून ‘तिथे देव’ असे म्हटले, तर उलगडले की देव गेला. जे समजले त्यातही देव आहे असे मानणारे आपण आहोत.

यहोशवाच्या वेळचा हरवलेला दिवस नासाला सापडला, हा मेसेज खरा आहे का?

नाही. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सूर्य जवळजवळ दिवसभर थांबला असे वर्णन आहे, त्यावरून हा मेसेज निघाला. पण नासाच्या संगणकांना असा कुठलाही दिवस सापडलेला नाही. मुळात मागे मोजत जाताना एक दिवस कमी पडतो हे कळायला दुसरे स्वतंत्र घड्याळ हवे, ते संगणकाकडे नसते. ही गोष्ट कित्येक दशके फिरते आहे आणि आता आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीतून येते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मला कळते. पण ईयोबाच्या तेराव्या अध्यायात ईयोब आपल्या मित्रांना नेमके हेच विचारतो: देवाच्या बाजूने तुम्ही असत्य बोलणार काय? ग्रुपवर कुणा वडीलधाऱ्यांनी असा मेसेज टाकला तर सर्वांसमोर खोडू नका. वेगळा फोन करून सांगा. पण सांगा.

चर्चने गॅलिलिओला छळले. मुलांनी विचारले तर?

खरे आहे, तसेच सांगा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडल्याबद्दल १६३३ मध्ये रोमच्या न्यायासनाने त्याला दोषी ठरवले आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. १९९२ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे कबूल केली. त्याबरोबर दोन गोष्टी सांगाव्यात. गॅलिलिओ स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता. आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर वर्षभरात तारे एकमेकांच्या तुलनेत जागा बदलताना का दिसत नाहीत, हा त्याच्या विरोधकांचा आक्षेप विज्ञानाचाच होता. तो बदल मोजता आला थेट १८३८ मध्ये. पण यामुळे शिक्षेचे समर्थन होत नाही, आणि करूही नये.

मूल आजारी पडले तर प्रार्थना करावी की औषध द्यावे?

दोन्ही, आणि औषधाला उशीर न करता. लूक हा वैद्य होता. पौल तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपाय सुचवतो, नुसता उपवास करायला सांगत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले, ते रोग्याच्या उशाशी प्रार्थना करण्यासाठीच नव्हे, तर शस्त्रक्रिया करण्यासाठी. आज महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत ख्रिस्ती नर्स ही लोकांना ठाऊक असलेली पहिली ख्रिस्ती व्यक्ती असते. कुणी सभेत ‘गोळ्या फेकून द्या’ असे सांगितले तर ती सभा सोडून या. मधुमेहाचे इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, क्षयाचा कोर्स मध्येच बंद केला तर जीव जाऊ शकतो.

चमत्कारांचे म्हणाल तर प्रभू येशूचे पुनरुत्थान मी मानते. ते नियमाला अपवाद आहे म्हणूनच ते चिन्ह आहे. मेलेली माणसे एरवी उठत नाहीत हे शिष्यांनाही माहीत होते.

ख्रिस्ती शास्त्रज्ञांची यादी पाठ करून घ्यावी का?

पुरावा म्हणून नको. अशा याद्यांत न्यूटन हमखास असतो, पण त्रैक्य त्याला मान्य नव्हते. शिवाय गणित रामानुजनचेही बरोबर असते आणि प्रकाश सी. व्ही. रामन यांनाही तसाच दिसतो. यादीऐवजी एखादे आयुष्य नीट सांगा. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहून वाटाण्याचे दाणे मोजत होता. एका प्रयोगात त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. मुलांना तो भागाकार करायला लावा, २.९६ येतो, म्हणजे जवळजवळ तीनास एक. जवळचे नाव हवे असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे जेझुइट फादर सांतापाव. खंडाळ्याच्या वनस्पतींची त्यांनी बारकाईने नोंद केली आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते प्रमुख झाले.

मी शाळेत शिकवतो. वर्गात येशूचे नाव घ्यावे का?

विज्ञानाच्या तासाला नाही. वर्गात सर्व घरांतली मुले असतात, पालकांनी ती विज्ञान शिकण्यासाठी आपल्या हाती सोपवलेली असतात. तुमचा विश्वास तुमच्या तयारीत, मागे बसणाऱ्या मुलाला दिलेल्या वेळात आणि न जुळवलेल्या रीडिंगमध्ये दिसू द्या. कुणी थेट विचारले तर मधल्या सुट्टीत दोन वाक्यांत सांगा.

मुलगा म्हणतो, विज्ञान शिकल्यापासून देव पटत नाही. काय करू?

आधी ऐका. बहुतेक वेळा त्याला देव पटत नाही असे नसते. पृथ्वी सहा हजार वर्षांची नसेल तर सगळेच खोटे, असे कुणीतरी त्याला सांगितलेले असते आणि त्याने ते प्रामाणिकपणे पुढे नेलेले असते. ते बंधन त्याच्यावर पवित्र शास्त्राने घातलेले नाही, एवढे त्याला कळू द्या. त्याच्या शंकेला ‘सैतानाचा मोह’ म्हणू नका, सर्वांसमोर त्याच्यासाठी प्रार्थनेची विनंती ठेवू नका. मंडळीत एखाद्या डॉक्टर, शेतीतज्ज्ञ किंवा शिक्षिका असतील तर त्यांच्याशी त्याची गाठ घालून द्या, आणि ते दोघे बोलत असताना तुम्ही खोलीत बसू नका.